क्वीन हा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थेट सांगा. क्वीन प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, आहे की नाही?

बँड म्हणून पाहिलं तर नाही. पण १९७३ ते १९७५ या काळात क्वीनने अस्सल प्रॉग म्हणावीत अशी बरीच गाणी केली, आणि १९७४ चा 'क्वीन टू' हा अख्खा अल्बम माझ्या मते प्रॉगच आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

वाद होतो तो लोक वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असतात म्हणून. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने वेडा झालेला माणूस म्हणतो, हे प्रॉग नाही तर काय? 'अनदर वन बाइट्स द डस्ट'वर नाचलेल्याला तो प्रश्नच कळत नाही. १९७३ ते १९९५ मध्ये क्वीनचे १५ स्टुडिओ अल्बम आले. त्यांत हार्ड रॉक आहे, डिस्को आहे, जुन्या इंग्लिश नाटकमंडळ्यांच्या थाटाची गाणी आहेत, रॉकबिली आहे. एवढ्या पसाऱ्याला एकच शिक्का मारायचा म्हटलं की कुणीतरी दुखावणारच.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय?

साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. रॉकच्या वाद्यांवर सिंफनीएवढा विस्तार करता येईल का, जॅझसारखं वाजवता येईल का, अख्ख्या अल्बममधून एक गोष्ट सांगता येईल का, याचा ते शोध घेत होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये किंग क्रिमझनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' आला आणि या शोधाला एक रूप मिळालं. मग येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर, जेथ्रो टल, जेंटल जायंट. १९७२ हे या मंडळींचं सोन्याचं वर्ष: येसचं 'क्लोज टू द एज' १८ मिनिटांहून मोठं, जेनेसिसचं 'सपर्स रेडी' जवळपास २३ मिनिटांचं आणि सात भागांत बांधलेलं, आणि जेथ्रो टलचं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं.

ओळखायच्या खुणा ढोबळपणे अशा. गाणं भागाभागांत पुढे सरकतं, मुखड्याकडे परत परत येत नाही. ठेका चारच्या चौकटीत राहत नाही. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांचं आहे, आणि रूपक ताल मोजायची सवय असलेल्या कानाला ते पहिल्याच फेरीत कळतं, विभागणी वेगळी असली तरी. मेलोट्रॉन, मूग अशी त्या काळची नवी, कळा दाबून वाजवायची इलेक्ट्रिक वाद्यं असतात. शब्दांत पुराणकथा, परीकथा, विज्ञानकथा असतात. आणि वादनाला गाण्याइतकाच मान असतो. ही शेवटची खूण लक्षात ठेवा, क्वीनच्या बाबतीत सगळं घोडं तिथेच अडतं.

म्हणजे गाणं लांब असलं की प्रॉग?

अजिबात नाही. डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' दहा मिनिटांचं आहे, त्याला कुणी सहसा प्रॉग म्हणत नाही. उलट क्वीनचं 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' तीन मिनिटांच्याही आत संपतं, आणि त्यात जेवढ्या घडामोडी आहेत तेवढ्या कित्येकांच्या पंधरा मिनिटांतही सापडत नाहीत.

'क्वीन टू'बद्दल एवढा आग्रह का?

कारण क्वीनच्या चाहत्यांनीही हा अल्बम नीट ऐकलेला नसतो. 'ग्रेटेस्ट हिट्स'मधून यातलं फक्त 'सेव्हन सीज ऑफ राय' पुढे पोचलं. हा बँडचा ब्रिटनमधला पहिला हिट, १९७४ मध्ये पहिल्या दहांत गेलेला. बाकीचा अल्बम मागेच राहिला, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेकॉर्डच्या दोन बाजूंना 'ए' आणि 'बी' अशी नावंच नाहीत. एक 'पांढरी बाजू', दुसरी 'काळी बाजू'. पांढऱ्या बाजूवर गिटारिस्ट ब्रायन मेची चार गाणी आणि शेवटी ड्रमर रॉजर टेलरचं एक. काळी बाजू सगळी गायक फ्रेडी मर्क्युरीची. पांढऱ्या बाजूवर पांढरी राणी, काळ्या बाजूवर काळी राणी. गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये श्वास घ्यायला जागा क्वचितच मिळते. सुरुवात होते 'प्रोसेशन'ने: एका गिटारवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे थर चढवून मेने एक शोकयात्रेची धून उभी केली आहे. त्यातूनच सहा मिनिटांचं 'फादर टू सन' सुरू होतं.

काळी बाजू मात्र जवळून ऐकायला हवी. 'ऑगर बॅटल'ची सुरुवात म्हणजे त्याच गाण्याचा शेवट उलटा वाजवलेला. टेप उलटी फिरते आणि त्या विचित्र ओढलेल्या आवाजातून एकदम सुलट गिटार बाहेर पडते. त्याला लागूनच 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक'. रिचर्ड डॅड हा १९ व्या शतकातला इंग्लिश चित्रकार. मनोरुग्णालयात असताना त्याने वर्षानुवर्षं खपून गवताच्या पात्यांआडचं एक परीजगत रंगवलं. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. फ्रेडीने ते पाहिलं आणि बँडलाही पाहायला लावलं. गाण्यात तो चित्रातली एकेक आकृती नावानिशी मोजत जातो, आणि हार्पसिकॉर्ड हे पिआनोसारखं जुनं वाद्य स्वतः वाजवतो. चित्रात जशी बोटभर जागा रिकामी नाही तशी गाण्यातही नाही. मग 'नेव्हरमोअर' हे पिआनोवरचं छोटंसं विरहगीत, आणि त्यानंतर 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'.

हे साडेसहा मिनिटांचं गाणं म्हणजे माझा मुख्य पुरावा. यात मुखडा नाही. चाल, लय, भाव सतत बदलत राहतात: दरारा, मग थट्टा, मग जवळजवळ प्रार्थना, मग पुन्हा धिंगाणा. एका जागी तर गाण्याची लय आणि ताल वेगवेगळ्या हिशोबाने चालतात, चार आणि तीनची ओढाताण एकाच वेळी ऐकू येते. हे गाणं क्वीनने रंगमंचावर कधी पूर्ण वाजवलं नाही, मेडलीत, म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे जोडून वाजवताना, याचा तुकडा तेवढा घ्यायचे.

शब्दांचंही तेच. 'राय' हा फ्रेडीचा कल्पित प्रदेश आहे. पहिल्या अल्बममधल्या 'माय फेअरी किंग'पासून पुढे 'लिली ऑफ द व्हॅली'पर्यंत त्या जगाच्या खुणा सापडतात. इतकंच काय, 'मर्क्युरी' हे आडनाव फ्रेडीने 'माय फेअरी किंग'मधल्या एका ओळीवरून घेतलं असं मेने सांगितलं आहे. ज्या माणसाने स्वतःचं आडनाव स्वतःच्या परीकथेतून उचललं, त्याला प्रॉगच्या अंगणात पाय ठेवू न देणं मला पटत नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तर प्रॉगच ना?

अर्धं. आणि हे उत्तर टाळाटाळीचं नाही.

रचना पाहिली तर सगळी लक्षणं जुळतात. ५ मिनिटं ५५ सेकंदांत आधी वाद्यांविना गायलेली प्रस्तावना, मग पिआनोवरचं संथ गीत, गिटारचा सोलो, ऑपेरा, हार्ड रॉक आणि शेवटी पुन्हा शांतपणा. मुखडा एकदाही परत येत नाही. स्वरस्थानं बदलतात, लय बदलते. १९७५ च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनी आपले आवाज थरावर थर चढवून नोंदवले. २४ ट्रॅकच्या टेपवर एवढे थर मावेनात, म्हणून आधीचे थर एकत्र करून पुन्हा पुन्हा उतरवावे लागले. टेप इतकी घासली गेली की तिच्यातून आरपार उजेड दिसायला लागला, असं मे सांगत आला आहे. निर्माता होता रॉय थॉमस बेकर.

मग अडतं कुठे? पहिलं, या गाण्यात कुणीही 'वाजवत बसत' नाही. मेचा सोलो तुम्ही आवाजाने गुणगुणू शकता. फ्रेडीची चाल जिथे पोचलेली असते तिथून तो ती पुढे नेतो आणि वेळेवर संपतो. येस किंवा इमर्सन लेक अँड पामर यांनी या जागी पाच मिनिटं घेतली असती, आणि त्यांच्या गाण्यात ती शोभलीही असती. दुसरं, ऑपेराचा भाग क्वीनने प्रत्यक्ष कार्यक्रमात गायलाच नाही. दिवे मालवायचे, टेप लावायची, चौघं विंगेत जायचे आणि हार्ड रॉकच्या तुकड्याला धावत परत यायचे. जेनेसिस 'सपर्स रेडी' रंगमंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत असे, कारण प्रॉगवाल्यांसाठी ती कसोटीच होती. क्वीनसाठी स्टुडिओतली किमया वेगळी आणि रंगमंचावरची मैफल वेगळी.

म्हणून मी म्हणतो, सांगाडा प्रॉगचा, जीव पॉप गाण्याचा. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं ते या जिवामुळेच.

मग 'द प्रॉफेट्स साँग'?

ते मात्र पूर्ण प्रॉग. गंमत म्हणजे ते त्याच अल्बममध्ये आहे, 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'मध्ये, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. आठ मिनिटांहून मोठं, ब्रायन मेने लिहिलेलं. महापुराचं स्वप्न पडलं आणि त्यातून हे सुचलं, असं तो सांगतो. सुरुवातीला खेळण्यातलं एक कोतो, म्हणजे जपानी तंतुवाद्य, वाजतं. मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडीचा एकटा आवाज उरतो. तो एक ओळ गातो, ती यंत्रातून थोड्या उशिराने परत येते, आणि परत आलेल्या ओळीवर तो पुढची ओळ रचतो. एकाच माणसाचा समूह तयार होतो. हा प्रयोग तो कार्यक्रमातही एकट्याने करायचा, समोर लोक स्तब्ध बसलेले असताना.

आणि याच अल्बममध्ये 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे बासवादक जॉन डीकनचं तीन मिनिटांहून छोटं गोड गाणं आहे, आणि 'सीसाइड राँदेव्हू'मध्ये फ्रेडी आणि टेलर तोंडाने वाद्यवृंदाची नक्कल करतात. इतक्या सहज कूस बदलणारा बँड कुठल्याही एका पंथाचा राहणं अवघडच होतं.

सिंथेसायझर वापरला नाही, म्हणून क्वीन प्रॉग नाही, असं काही जण म्हणतात. बरोबर आहे?

मला हा मुद्दा उलटा लागू होतो असं वाटतं. सुरुवातीच्या अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही असं ते अभिमानाने छापत, आणि पहिला सिंथेसायझर आला तो १९८० च्या 'द गेम'मध्ये. पण असं छापावं का लागलं? कारण ऐकणाऱ्याला तो सिंथेसायझरच वाटायचा.

मेची गिटार, 'रेड स्पेशल', त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी बनवायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली, तिच्यातल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. त्या एका गिटारचे थर रचून तो व्हायोलिनचा ताफा, तुताऱ्या, हवं ते उभं करायचा. इतरांनी मेलोट्रॉनवर कळ दाबून ऑर्केस्ट्रा आणला, याने तो सहा तारांतून काढला. ध्येय दोघांचं एकच.

फ्रेडी पाचगणीत शिकला. भारतीय संगीताचा इथे काही संबंध?

फ्रेडी म्हणजे फारूख बलसारा, १९४६ मध्ये झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये धाडलं. तिथेच तो पिआनो शिकला, तिथेच त्याचा 'फ्रेडी' झाला, आणि तिथेच १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. आपल्या सह्याद्रीच्या कुशीत त्याची बोटं पिआनोवर बसली याचा अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतो. पण ती मुलं वाजवायची ते त्या काळचं पाश्चात्त्य रॉक अँड रोल. तिथून ओढून-ताणून 'क्वीन टू'पर्यंत रेघ मारू नये.

खरा धागा भलत्याच ठिकाणी आहे. 'क्वीन टू'मधल्या 'व्हाइट क्वीन'मध्ये एक झणझणती अकूस्टिक गिटार ऐकू येते. मेने एका स्वस्तातल्या गिटारची घोडी बदलली, ती सपाट केली आणि तारा एका धातूच्या पट्टीला नुसत्या टेकतील अशा ठेवल्या, सतारीसारखा आवाज यावा म्हणून. जवारी लावणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या गाण्यात ती लगेच सापडेल. १९७८ च्या 'जेलसी'मध्येही तोच आवाज आहे.

भारताशी सरळ नातं हवं असेल तर ते येसकडे सापडतं. १९७३ च्या अखेरीस आलेला त्यांचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', दोन रेकॉर्डवर मिळून फक्त चार गाणी, हा परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचला होता.

१९७५ नंतर काय झालं?

'अ डे अ‍ॅट द रेसेस'मध्ये तीच श्रीमंती आहे, पण गाणी आपापली वेगळी उभी राहतात. १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने कूस पालटली. 'वी विल रॉक यू'मध्ये जवळजवळ शेवटपर्यंत पाय आणि टाळ्याच आहेत. स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाजवता येईल असं गाणं. प्रॉगमध्ये श्रोता ऐकतो, इथे श्रोताच वादक झाला. मला हा बदल ऱ्हास वाटत नाही. १९८० मध्ये फ्रेडीचं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' आणि डीकनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' ही दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतलं दुसरं शिक या बँडच्या 'गुड टाइम्स'च्या बासवरून स्फुरलेलं. त्या वेळी यांना प्रॉग म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता.

आणि 'इन्युएंडो'?

घरवापसी. १९९१ च्या सुरुवातीला आलेलं हे साडेसहा मिनिटांचं गाणं ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. मधला स्पॅनिश ढंगाचा गिटारचा तुकडा वाजवला आहे स्टीव्ह हाऊने, म्हणजे येसच्या गिटारिस्टने. तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूला आला होता, भेटायला म्हणून स्टुडिओत डोकावला, आणि यांनी त्याच्या हातात गिटार दिली. फ्रेडी तेव्हा खूप आजारी होता. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला तो गेला. आवाजात आजारपणाचा मागमूस नाही. आयुष्याच्या त्या टप्प्यावर माणूस सोपं काहीतरी गाऊन मोकळा झाला असता. याने पुन्हा भागाभागांचं, अवघड, मोठं गाणं निवडलं.

प्रॉगवाले क्वीनला आपलं मानतात का?

पुष्कळ मानतात. ड्रीम थिएटर या आजच्या बड्या प्रॉग मेटल बँडने २००९ मध्ये क्वीनच्या 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बममधली एकमेकांना जोडलेली तीन गाणी सलग गाऊन नोंदवली: 'टेनेमेंट फन्स्टर', 'फ्लिक ऑफ द रिस्ट' आणि 'लिली ऑफ द व्हॅली'. निवड पाहा. हिट गाणं एकही नाही, तिन्ही एकमेकांत विरघळणारी.

पिंक फ्लॉइडशी तुलना करता येईल का?

फार नाही. फ्लॉइड मोकळी जागा ठेवतात, एक सूर लांबवर विरू देतात. क्वीन कोपरान् कोपरा भरतात.

शिक्का मारून फायदा काय? गाणं आवडलं की झालं ना?

आवडलं की झालं, हे खरं. पण शिक्क्यामुळे माणूस काय ऐकतो ते ठरतं. क्वीन म्हणजे स्टेडियममधली टाळ्यांची गाणी, असं एकदा डोक्यात बसलं की येस आणि जेनेसिसवर जीव टाकणारा श्रोता 'क्वीन टू'च्या वाटेलाच जात नाही. आणि २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटानंतर क्वीनकडे आलेल्या तरुण मुलांना प्रॉग नावाचं दालन शेजारीच उघडं आहे हे कुणी सांगत नाही. या दोघांसाठी हा वाद मी आनंदाने घालतो.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'क्वीन टू'ची काळी बाजू, 'ऑगर बॅटल'पासून 'सेव्हन सीज ऑफ राय'पर्यंत, एका बैठकीत. गाण्यांचा क्रम बदलू नका, शफल बंद ठेवा, नाहीतर जोड तुटतात. मग 'द प्रॉफेट्स साँग', हेडफोन लावून, कारण मधल्या भागात आवाज एका कानातून दुसऱ्या कानात फिरतात आणि फोनच्या स्पीकरवर ते कळत नाही. ते संपताच 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू होतं, तेही ऐका. जोड तिथेही आहे, आणि हार्प ब्रायन मेने वाजवलेली आहे. त्यानंतर 'शीअर हार्ट अटॅक'मधली ती तीन गाणी, मग 'इन्युएंडो'. एवढं झाल्यावर येसचं 'क्लोज टू द एज' लावा.